व्यसनमुक्तीला हवा रोजचा नेम

आषाढ सरत आला की महाराष्ट्रात दारूच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. दिव्याच्या अवसेला 'गटारी'च्या नावाखाली मनसोक्त पिऊन घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हा अनेक घरांतला ठरलेला क्रम आहे. या पाळणाऱ्यांत एरवी रोज संध्याकाळी पिणारेही असतात. डॉक्टरांनी यकृताचा अहवाल पुढे ठेवून, बायकोने हातापाया पडून, मुलांनी अबोला धरून जे साधले नाही ते पंचांगातली एक तिथी साधते. महिनाभर माणूस बाटलीला हात लावत नाही. मग श्रावण सुटतो आणि अनेकांचे पिणे पुन्हा पहिल्यासारखे सुरू होते. या दरवर्षीच्या अनुभवातून दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. समाजाने मिळून पाळलेल्या श्रद्धेत माणसाला दारूपासून दूर ठेवण्याचे बळ आहे. आणि मुदत घालून पाळलेला संयम म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. उलट 'श्रावणात सोडतोच ना, मनात आणले तर कायमची सोडीन' अशी स्वतःची समजूत घालायला तोच महिना कामी येतो.

श्रद्धा आणि व्यसनमुक्ती यांच्या नात्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांवरून. एकीकडे देवाची शपथ, नवस, अंगारा आणि 'महाराजांनी एका दिवसात सोडवली' अशा कथा. दुसरीकडे 'हा मेंदूचा आजार आहे, त्यात देवाधर्माचा काय संबंध' हा सवाल. शपथेच्या क्षणावर सगळे लक्ष खिळल्यामुळे तिच्यानंतरचे साधे, पुन्हा पुन्हा होणारे आचरण दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते. ठरलेल्या वेळची प्रार्थना, ठरलेल्या वारचे भजन, ठरलेली माणसे, ठरलेली सेवा या गोष्टींतूनच श्रद्धेची खरी मदत होते. वैद्यकीय उपचार आधी झाले, सोबत भली मिळाली आणि घसरलेल्याला परत येण्याची वाट खुली राहिली, तर हा नेम दीर्घकाळ व्यसनमुक्त राहण्याचे आपल्याजवळचे एक मोठे साधन आहे. ते साधन ना आपली उपचारकेंद्रे पुरेसे वापरतात, ना आपल्या धर्मसंस्था, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाचा आवाका आधी पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वर्षे वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणते तरी उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एक. उपचार मिळाले म्हणजेही काम संपत नाही. टॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दाखवून दिले की, उपचारांनंतरच्या वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. उच्च रक्तदाब किंवा दमा यांच्या रुग्णांतही पथ्य-औषध सुटून आजार उलटण्याचे प्रमाण याहून कमी नाही, हे त्यांनी त्याच लेखात मांडले. म्हणजे पुन्हा पिऊ लागलेला माणूस नालायक ठरत नाही; त्याचा आजार वर्षानुवर्षे सांभाळण्याचा आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. सोडणे अनेकांना अनेकदा जमते. सोडलेले टिकवणे अवघड, आणि त्यासाठी आपण फारशी व्यवस्था उभी केलेली नाही.

टिकवणे अवघड का, याचे उत्तर केवळ मनाच्या दुबळेपणात शोधणे चूक आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या मेंदूने दारूची सांगड विशिष्ट वेळेशी, रस्त्याशी, माणसांशी आणि भावनांशी घातलेली असते. पगाराचा दिवस, सुटलेली पाळी, कोपऱ्यावरचा बार, घरातले भांडण, मित्राचा फोन, यांतले काहीही तलफ जागी करते. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर या खुणांपासून संरक्षण असते. घरी आल्यावर त्या सगळ्या जिथल्या तिथे असतात. परिस्थितीचे हे बळ किती असते हे व्हिएतनाम युद्धानंतर ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात दिसले. युद्धभूमीवर हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले फारच थोडे होते, कारण ती जागा, ती भीती आणि ती संगत मागे राहिली होती. आपल्याकडच्या माणसाला मात्र त्याच चाळीत, त्याच पारावर, त्याच कामावर परतायचे असते. त्याला गाव बदलता येत नाही. बदलता येतो तो दिवस. रोज संध्याकाळचे दोन-तीन तास दारूने भरलेले होते. ते रिकामे ठेवून चालत नाहीत, कारण रिकामा वेळ जुन्या खुणांच्या ताब्यात जातो.

नवी सवय अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात रोजची एक साधी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. हा अभ्यास पाणी पिण्यासारख्या, फिरायला जाण्यासारख्या सवयींचा होता, व्यसनाचा नव्हता. तरी एक गोष्ट त्यातून कळते. नव्या आचरणाला मूळ धरायला सरासरी दोन महिने आणि काहींना आठ-नऊ महिने लागत असतील, तर महिनाभराचे उपचार किंवा महिनाभराचा श्रावण पुरा पडणार नाही. त्यापुढचा काळ माणसाने कशाच्या आधाराने काढायचा? 'मन घट्ट कर' हा उपदेश त्याने शंभर वेळा ऐकलेला असतो. त्याला हवी असते उद्या संध्याकाळी सात वाजता जाण्याची जागा, आणि तो आला नाही तर 'आज कुठे होतास' असे विचारणारे कोणीतरी.

महाराष्ट्राच्या श्रद्धापरंपरांनी नेमके हेच देऊ केले आहे. वारकरी संप्रदायात माळ घालणे म्हणजे गळ्यात तुळशीचे मणी अडकवणे एवढेच नसते. दारू आणि मांसाहार वर्ज्य होतो, पंधरवड्याला एकादशी येते, रोजचा हरिपाठ असतो, गावात सप्ताह आणि काकडा असतो, वर्षाला वारी असते. माळकऱ्याला गाव ओळखतो. लग्नाच्या मांडवामागे बाटली फुटली तर त्याला कोणी आग्रह करत नाही. नकार देण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या शिरावर राहत नाही, हा माळेचा फार मोठा उपयोग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि बुद्धवंदनेत पंचशील म्हणताना मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा निश्चय प्रत्येक वेळी नव्याने उच्चारला जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळांतून विदर्भातल्या गावोगावी पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रुजवली. संध्याकाळच्या या वेळेकडे व्यसनाच्या दृष्टीने पाहावे. जी घटका गुत्त्याकडे नेते, तीच घटका प्रार्थनेसाठी राखून ठेवलेली आहे.

शपथ आणि नेम यांतला फरक इतिहासातही दिसतो. १९२२ साली पालघरच्या किनारपट्टीकडून डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगत होती: दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा. दारूविक्रेत्या सावकारांच्या कचाट्यातून सुटण्याची ती धडपड होती. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. देवी आली तशी निघून गेल्यावर अनेक ठिकाणी पिणे पुन्हा सुरू झाले. मात्र जिथे लोकांनी जातपंचायत, सभा आणि पुढे गांधीवादी आश्रमांच्या कामाची जोड दिली, तिथे बदल अधिक टिकला. त्यानंतर पंधरा वर्षांनी खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी गुलाम महाराजांच्या मागे हजारो भिल्ल जमू लागले. तिथे दारूत्यागाच्या जोडीला नियमित सामुदायिक आरती आणि स्नान-स्वच्छतेचे नियम होते. १९३८ साली महाराज गेले तरी त्यांच्या बंधूंच्या पुढाकाराने काम चालू राहिले. संत गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर आसूड ओढले, पण त्याच वेळी लोकांच्या हाती खराटा दिला, कर्ज काढून सण करू नका म्हणून बजावले. त्यांच्या शिकवणीत 'दारू सोडा' हे वाक्य एकटे कधीच येत नाही. ते एका पूर्ण दिनक्रमाचा भाग म्हणून येते.

याच विचाराची जगभर सर्वाधिक तपासलेली आवृत्ती म्हणजे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजेच 'एए'. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ती सुरू झाली. ख्रिस्ती प्रार्थनागटांच्या पद्धतींतून ती वाढली, पण प्रत्येकाने आपल्याला उमगेल तसा ईश्वर मानावा, अशी मुभा तिने ठेवली. तिच्या प्रसिद्ध बारा पायऱ्यांत पहिली आणि शेवटची वगळली तर दारूचा विषयच नाही. बाकी सगळ्या पायऱ्या जगण्याविषयी आहेत: स्वतःच्या चुकांची नोंद करणे, त्या दुसऱ्या माणसापुढे कबूल करणे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, रोज स्वतःला तपासणे, प्रार्थना आणि ध्यान करणे. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत आज या सभा मराठीत भरतात आणि त्यांना फी नसते.

या पद्धतीचा उपयोग होतो का, हा प्रश्न अनेक दशके वादाचा होता. आक्षेप रास्त होता: सभेला टिकून येणारे लोक मुळातच निर्धाराचे असतात, मग श्रेय सभेचे की निर्धाराचे? २०२० साली जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी कॉक्रेन संस्थेसाठी २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागींची माहिती एकत्र करून पाहिली. यांतले बहुसंख्य अभ्यास चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची वाटणी केलेले होते, त्यामुळे निर्धाराचा फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला होता. त्यांत आढळले की, रुग्णाला ठरावीक पद्धतीने 'एए'शी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या कसोटीवर वर्तनोपचारासारख्या इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरतात. वर्षभरानंतर पूर्ण मद्यमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्के विरुद्ध ३५ टक्के होते. सात टक्क्यांचा फरक चमत्काराचा दावा करणाऱ्याला क्षुल्लक वाटेल; लाखो कुटुंबांचा हिशेब मांडणाऱ्याला तो तसा वाटणार नाही, विशेषतः सभेचा खर्च जवळजवळ शून्य असताना. केली यांच्या इतर अभ्यासांतून याचे कारणही पुढे आले. मुख्य फायदा होतो तो पिणाऱ्यांची संगत कमी होऊन न पिणाऱ्यांची वाढल्यामुळे आणि 'मी न पिता हा प्रसंग काढू शकतो' हा भरवसा आल्यामुळे. ज्यांचे व्यसन अधिक तीव्र, त्यांच्या बाबतीत आध्यात्मिक आचरण वाढण्याचाही वाटा दिसतो. अमेरिकेतल्या सभांचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या माळेला किंवा वंदनेला लावता येणार नाही. पण ज्या वाटेने लाभ होतो ती वाट, म्हणजे संगत, भरवसा आणि आतला आधार, आपल्या परंपरांत आधीपासूनच बांधलेली आहे.

विवेकवादी वाचकाचा आक्षेप इथे येईल: एक परावलंबन काढून दुसरे लावण्यात काय हशील? माणसाला विचार करायला शिकवायचे की टाळ कुटायला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण व्यसनाची व्याख्याच अशी आहे की, नुकसान होत असूनही आणि सोडायची इच्छा असूनही कृती थांबत नाही, मात्रा वाढत जाते आणि बाकीचे जगणे आक्रसत जाते. संध्याकाळच्या भजनाने माणूस कामावर वेळेवर जाऊ लागला, पगार घरी देऊ लागला, मुलांशी बोलू लागला, तर त्याचे जगणे रुंदावले आहे. ते आक्रसू लागले, माणूस घर-काम टाकून बाबाच्या मठात पडून राहू लागला, तर आक्षेप शंभर टक्के खरा. फरक ओळखण्याची कसोटी हीच. ज्यांची श्रद्धा नाही त्यांच्यावर ती लादण्याचाही प्रश्न येत नाही. 'एए'च्या सभांची सक्ती करण्याविरुद्ध अमेरिकेतल्या अपील न्यायालयांनी निकाल दिलेले आहेत, आणि ते योग्य आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, हे महाराष्ट्राने ध्यानात ठेवावे. नास्तिकाला गटसभा, व्यायाम, गिर्यारोहण, वाचनमंडळ, समाजकार्य यांतून असाच नेम बांधता येतो. मात्र जो माणूस आधीच विठ्ठलाला, बुद्धाला, येशूला किंवा अल्लाला मानतो, त्याच्या आयुष्यातला हा तयार आधार उपचारांच्या दाराबाहेर ठेवायला सांगणे विवेकाला धरून होणार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो आकडे व मृत्यूंनी सिद्ध झालेला आहे. श्रद्धेच्या नावाखाली उपचार टाळले जातात, पैसे उकळले जातात, माणसे बांधून ठेवली जातात. तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी घातली आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आपल्या कक्षेत आणले. तरीही 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. जेवणात गुपचूप मिसळलेल्या अशा पुडीत डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि रुग्ण त्यावर दारू प्यायला, तर उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे इथपासून मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते. आणखी एक धोका सज्जन भक्तांनाही माहीत नसतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने महाराजांसमोर माळ घालून त्याच दिवशी एकदम दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके आणि दोन ते चार दिवसांत तीव्र भ्रम, ताप, थरथर अशी अवस्था येऊ शकते. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते. म्हणून क्रम पक्का हवा. आधी डॉक्टर, मग माळ. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी व्यसनावरची औषधे चालू असतील तर ती श्रद्धेच्या भरात बंद करायची नाहीत. मधुमेही वारकरी वारीत गोळ्या घेतो, तेव्हा त्याची निष्ठा कमी आहे असे कोणी म्हणत नाही. व्यसनाच्या औषधांनाही हाच न्याय लावला पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो भोंदूंना उद्देशून नाही, प्रामाणिक श्रद्धावानांना उद्देशून आहे. धर्म व्यसनाला पाप ठरवतो, आणि पापाची भावना घसरलेल्या माणसाला आणखी खोल ढकलते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी ही प्रक्रिया उलगडून दाखवली होती. पूर्ण त्यागाचा निश्चय केलेल्या माणसाने एकदा घोट घेतला की 'आता सगळे संपलेच, मी मुळात असाच' असे त्याला वाटते, आणि एका घोटाची घसरण पूर्ण कोसळण्यात बदलते. आपल्याकडे हे कसे घडते ते सर्वांना ठाऊक आहे. माणूस आधी माळ खुंटीला काढून ठेवतो, मग पितो, मग भजनाला तोंड दाखवत नाही, आणि गावही 'माळ घालून प्यायला' म्हणून दुप्पट बोट दाखवतो. न घातलेल्यापेक्षा घालून घसरलेल्याची स्थिती अधिक वाईट होते. हा दोष खरा आहे, पण तो श्रद्धेच्या स्वभावात अटळ नाही. पश्चात्ताप, प्रायश्चित्त, क्षमा, नव्याने सुरुवात या कल्पना प्रत्येक धर्मात आहेत, आणि पतितांना जवळ करणारा देव हा तर भक्तिपरंपरेचा गाभाच आहे. 'एए'च्या सभेत पुन्हा प्यायलेला माणूस परत येतो तेव्हा त्याचे दिवस पहिल्यापासून मोजले जातात, पण त्याची खुर्ची कोणी काढून घेत नाही. दिंडीने, विहाराने, मशिदीने, चर्चने हेच ठरवून आणि उघडपणे सांगितले पाहिजे: घसरलास तर त्याच दिवशी ये, लपू नकोस.

आपल्या धार्मिक जीवनातल्या काही विसंगतींकडेही डोळेझाक करून चालणार नाही. दारूला शिवणार नाही असा माळकरी चंचीतली तंबाखू मळताना दिसतो. बायकांच्या मिश्रीला तर कोणी व्यसनच मानत नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुसंख्य ती चघळत किंवा दातांना लावत होते. काही भजनांच्या बैठकींत, काही मठांत चिलीम फिरते. उत्सवाच्या मिरवणुकीत, जत्रेत, हळदीत दारू वाहते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला हीच ठिकाणे सर्वाधिक घातक असतात, म्हणून श्रद्धेचे प्रत्येक ठिकाण आपोआप सुरक्षित ठरत नाही. दुसरी विसंगती बायकांच्या वाट्याची. नवरा पितो आणि उपास, नवस, अनवाणी वारी बायको करते. तिच्या व्रताने त्याच्या मेंदूतली एकही जुनी सांगड सुटत नाही. तिच्या अंगावर मात्र अपयशाचे आणखी एक ओझे पडते. नेम ज्याचा आजार आहे त्यानेच धरायचा. तिला हवा असतो स्वतःचा आधार, म्हणजे मद्यपींच्या कुटुंबीयांच्या सभा किंवा समुपदेशन. आणि ज्या स्त्रिया स्वतः व्यसनात आहेत, त्यांना तर बदनामीच्या भीतीने मंदिराचे आणि दवाखान्याचे, दोन्ही दारे बंद वाटतात. त्यांच्यासाठी वेगळ्या, विश्वासाच्या बैठका उभ्या राहिल्या पाहिजेत.

हे सारे लक्षात घेऊन श्रद्धेचा नेम कसा बांधावा? पहिली गोष्ट, तो लहान असावा. केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्याने चार तास पूजा, कडक उपास आणि संपूर्ण ग्रंथाचे पारायण असा डोंगर उचलू नये. उपाशीपोट, थकवा आणि चिडचिड तलफ वाढवतात. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांची प्रार्थना आणि 'आजचा दिवस न पिता' एवढाच संकल्प पुरे. दुसरी, तो धोक्याच्या वेळेला बांधलेला असावा. ज्याची तलफ सातला जागी होते, त्याने सातचा हरिपाठ, सातची वंदना, मगरिबची नमाज किंवा सातची सभा पकडावी. पगाराच्या दिवशी तर ती चुकवूच नये. तिसरी, त्यात माणसे असावीत. देवघरात एकट्याने केलेल्या जपाचे मोल आहे, पण आपण आलो नाही हे ज्यांच्या लक्षात येईल अशा चार जणांची बैठक व्यसनमुक्तीसाठी अधिक मोलाची, आणि त्यांतल्या एकाला मध्यरात्री फोन करता यावा. चौथी, त्यात सेवा असावी. पालखीतळावर पाणी वाटणे, मंदिराचे आवार झाडणे, लंगरमध्ये पोळ्या लाटणे, नव्याने सोडणाऱ्याला सभेला घेऊन जाणे. ज्याला वर्षानुवर्षे सगळ्यांनी निरुपयोगी ठरवले, त्याला आपला कोणाला तरी उपयोग आहे हे कळणे हे मोठे औषध आहे. पाचवी, सणावारांचा विचार आधीच झालेला असावा: कोणत्या लग्नाला जायचे, किती वेळ थांबायचे, सोबत कोण असेल.

अशी सांगड घालणे शक्य आहे याचे दाखले आपल्या राज्यातच आहेत. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू करणारे फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली, आणि सर्व धर्मांच्या रुग्णांनी ती स्वीकारली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली उभ्या केलेल्या 'मुक्तांगण'ने वैद्यकीय उपचार, गटोपचार, योग, कला आणि केंद्राबाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा यांना एकत्र बांधले. एका संस्थेचा पाया धर्मगुरूने घातला, दुसरीचा डॉक्टर दांपत्याने. दोघांनाही दिसले ते एकच, की औषधाने शरीर सावरते आणि त्यापुढे रोजचा दिवस नव्याने रचावा लागतो.

आता पाऊल संस्थांनी उचलायला हवे. प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाला घरी सोडताना औषधाच्या चिठ्ठीबरोबर त्याच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या, त्याच्या श्रद्धेला किंवा अश्रद्धेला साजेशा एका नियमित बैठकीशी त्याची प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी. पत्ता देऊन भागत नाही, पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत जायला हवे. भजनी मंडळे, गुरुदेव सेवा मंडळे, बुद्धविहार, चर्च आणि मशिदी यांनी प्रत्येकी दोन-तीन माणसांना दारू एकदम सोडण्याची धोक्याची लक्षणे ओळखायला आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवायला शिकवावे, आपल्या आवारातली तंबाखू आणि चिलीम थांबवावी, आणि घसरून परत आलेल्याचा पाणउतारा करणार नाही असे सर्वांसमक्ष ठरवावे. कीर्तनकारांनी 'एका दिवसात सुटली'च्या कथा सांगणे सोडून, दहा वर्षे रोज सांभाळणाऱ्यांचा मान राखावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. बैठका आहेत, माणसे आहेत, वेळा ठरलेल्या आहेत. डॉक्टर आणि धर्मसंस्था यांच्यात आज जो अविश्वास आहे तो दोघांनी बाजूला ठेवला, तर सोडलेली दारू सुटलेली राहील अशी हजारो माणसे महाराष्ट्राला परत मिळतील. देवाच्या नावाने काही करायचेच असेल, तर यासारखे मोलाचे काम थोडेच सापडेल.